न्हाणीवरचं जांब

पुण्यामुंबईकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात त्याला वऱ्हाडात जांब म्हणतात. ते न्हाणीच्या नालीवर आपोआप उगवलं असेल, तर त्याचं बी तिथवर कोणत्या वाटेनं पोचलं हे चांगल्या घरात कोणी विचारत नाही. बार्शीटाकळीला गोवर्धन भोपळ्यांच्या घरामागं असंच एक जांब उगवलं होतं. साडेतीन वर्षांचं, कमरेएवढं, खोड मनगटाएवढं. ते उकरून कुंडीत लावायचं आणि बोन्साय करायचं, एवढ्या कामासाठी फेब्रुवारीतल्या एका रविवारी गोवर्धनचा मुलगा मनोज अमरावतीहून टेम्पो घेऊन आला.

मनोज बडनेरा रोडवरच्या एका रोपवाटिकेत बोन्सायचा विभाग सांभाळायचा. वडाची मुळं कापून वडाला ताटलीत बसवणं हा त्याचा धंदा. ती ताटली मग एखाद्या दातांच्या डॉक्टरकडं टेबलावर जायची. तीन पिढ्या मेथी, वांगी आणि झेंडू पिकवणाऱ्या माळ्याच्या घरात हा प्रकार कोणाला पटलेला नव्हता. "झाड वाढू न देन्याचे पैसे देतात लोकं?" असं गोवर्धननं एकदा विचारलं होतं. पुढं त्याला लकवा झाला. अडीच वर्षं तो खाटेवर होता आणि मागच्या दिवाळीत गेला.

आता घरात एकटी गंगूबाई, मनोजची माय. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती जेवण सोडायची. माणसं ती वासावरून ओळखायची. मनोज दारात आला की म्हणायची, "आला का रे? खताचं पोतं आलं म्हनलं." एका महिन्यात ती अंगणात दोनदा पडली. दोन्ही वेळा शेजारच्या मैनाबाईनं उचललं आणि तिसऱ्या वेळी उचलणार नाही असं फोन करून सांगितलं. मनोजनं महिनाभर विनवण्या केल्यावर माय अमरावतीला यायला तयार झाली. अट एकच.

"जांब संगं येईन. जांब जगलं त मी राह्यली. जांब वाळलं का मी वापस."

"माय, जांबच पायजे त मी तुले नर्सरीतून चांगलं कलमाचं आनतो."

"त्याले त्याइचा वास हाय का?"

त्यांचा म्हणजे गोवर्धनचा. बार्शीटाकळीत नळ आठ दिवसांनी यायचा, त्यामुळं आंघोळीचं पाणी वाया घालवणं हे पापच. अडीच वर्षं गंगूबाईनं नवऱ्याला न्हाणीच्या दगडावर बसवून आंघोळ घातली, आणि ते सगळं पाणी नालीतून जांबाला गेलं. पान चुरगळलं की त्याला नवऱ्याचा वास येतो असं तिचं म्हणणं होतं. मनोजनं पान चुरगळून पाहिलं. त्याला जांबाच्या पानाचा वास आला.

तर झाड जगवायचं, म्हणजे माय राहील. बोन्सायच्या माणसाला हा करार सोपा वाटला.

खोडापासून हातभर सोडून त्यानं गोल खणायला घेतलं. सोबत रोपवाटिकेतला टेम्पोवाला बंडू होता. चाळिशीचा, काहीही आणि कुठंही खाणारा माणूस. तो खड्ड्याच्या काठावर पाय सोडून कचोरी खात बसला.

काळी माती चिकट असते हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. ही माती तुपकट होती. फावड्याला लागली की सुटत नव्हती, आणि कापलेल्या भागावर साबणाची करडी साय थरावर थर दिसत होती. वीतभर खाली केस लागले. वनस्पतिशास्त्रात मुळांना केसासारखी बारीक मुळं असतात, ती मनोज रोज पाहायचा. हे डोक्याचे होते. आखूड पांढरे बापाचे, लांब मायचे. मुळांमध्ये ते असे गुंतले होते की हात घातल्यावर कोणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा सगळा गोळा हलला. त्यात नखं निघाली. जखमेवर लावायची एक चिकटपट्टी निघाली, अजून चिकट.

मनोजनं तोंड बाजूला केलं. "बंडूभाऊ, इथं नका न खाऊ."

"काहून? मी का तुह्या खड्ड्यातलं खाऊन राह्यलो?"

"माती झटकजो नको," पायरीवर बसलेली गंगूबाई म्हणाली. "आहे तशी घे."

मनोज बरं म्हणाला. पोराला मायशी बोलताना जेवढं बरं म्हणावं लागतं तेवढं.

अमरावतीला साईनगरातल्या फ्लॅटवर पोचल्यावर त्यानं ते झाड बाथरूममध्ये नेलं आणि स्वच्छ धुतलं.

त्याच्या जागी दुसरा कोणी शिकलेला असता तर त्यानंही हेच केलं असतं. बोन्सायच्या कुंडीत जुनी माती चालत नाही, मुळं मोकळी लागतात. एक, दोन, तीन बादल्या पाणी गेलं. केस निघेनात. बायकोची, म्हणजे वर्षालीची, एक जुनी फणी घेऊन त्यानं मुळं विंचरली. काही केस निघाले. काही निघाले नाहीत, कारण ते मुळावर गुंडाळलेले नव्हते, मुळातून आलेले होते. एक पांढरा केस त्यानं चिमटीत धरून ओढला. तो ओला, कोमट, वीतभर आला आणि वर शेंड्याचं पान हललं. झाड हातात धरल्यावर पान हलणारच. त्यानं तो केस कात्रीनं कापला. सोटमूळ करवतीनं कापलं तेव्हा त्यातून सकाळी न धुतलेल्या तोंडाचा वास आला.

शेवटी त्यानं मुळं लाल औषधाच्या पाण्यात बुडवली. विटांचा चुरा, नारळाचा भुसा, पानांचं खत, सगळं चाळून घेतलेलं. चार बोटं खोल पसरट कुंडी. फांद्यांना तार. झाड इतकं स्वच्छ झालं की ऑपरेशनच्या खोलीत ठेवता आलं असतं.

गंगूबाईनं कुंडीवर वाकून वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"धुतलं का तुनं?"

"धुवा लागते, माय. नाईतं सडते."

"कितीक वेळा?"

"तीन."

ती कुंडीपासून सरळ झाली. मग म्हणाली, "गेले मंग," आणि जाऊन बाजेवर पडली.

चौथ्या दिवसापासून पानं गळायला लागली. गंगूबाई रोज सकाळी गॅलरीत बसून कुंडीभोवती तळहात फिरवायची, गळालेलं पान सापडलं की ते पदराला बांधायची, उठून कपाटातली एक साडी काढायची आणि पिशवीत भरायची. पिशवी खुंटीवर टांगलेली असायची, सगळ्यांना दिसेल अशी. तिच्याकडं एकूण अकरा साड्या होत्या.

"अहो, आज सहावी गेली," वर्षालीनं सकाळी चहा देताना सांगितलं. तिला हवामानाच्या बातम्या सांगायची सवय होती, हेही ती तसंच सांगायची.

मनोजनं सावली बदलली, पाणी बदललं, पानांवर फवारा मारला. रोपवाटिकेतून नाही नाही त्या बाटल्या आणल्या. आठवी साडी गेली त्या दिवशी त्यानं मायसमोर बसून विचारलं, "मंग काय करू, सांग."

"त्याच्यातलं मानूस तू धुऊन टाकलं. रिकामं हाय ते. कोनाचा तरी वास भरा लागन."

"म्हंजे?"

"आंघोळीचं पानी."

आधी तिनं स्वतःचं देऊन पाहिलं. दोन दिवस काही फरक पडला नाही. "मी त वाळली," ती म्हणाली. "माह्यात काय मळ उरला? तू दिवसभर खतात असतो. तुह्यं पाहू."

चौतीस वर्षांचा मनोज भोपळे आपल्या मुलीच्या जुन्या टबात बसला. खुशी आता सात वर्षांची होती आणि टबावरची बदकं तिला बाळबोध वाटायला लागली होती. साबण लावायचा नाही, मायनं बजावलं होतं, साबण वास खातो. दगडानं घासायचं. त्यानं टाचा घासल्या, मान घासली, बगला घासल्या. बोटाखाली मळाच्या वळ्या निघत होत्या, शेवयांसारख्या. टबातलं पाणी करडं झालं. वर तेलकट तवंग आला, आणि तवंगावर त्याचे छातीवरचे दोन केस हळूहळू फिरत राहिले. हे आपणच आहोत, आणि आपण इतके आहोत, याची त्याला शिसारी आली.

कुंडीत त्यानं आधी एक मग ओतला. चार बोटांच्या कुंडीत मगभर नळाचं पाणी ओतलं तर दोन मिनिटांत खालच्या भोकांतून बाहेर येतं. हे आलं नाही. दुसरा मग ओतला. तिसरा. अख्खा टब रिकामा झाला. कुंडीखालची ताटली कोरडी होती. त्यानं कुंडी उचलून पाहिली. वजन होतं तेवढंच.

सकाळी जुन्या फांदीवर चार नवे डोळे फुटले होते. गंगूबाईनं वास घेतला आणि पिशवीतून दोन साड्या काढून कपाटात ठेवल्या.

पंधरा दिवसांत झाड भरलं. साड्याही कपाटात परत आल्या. रेशन कार्डात मायचं नाव चढवायचा अर्ज मनोजनं भरला. हे सगळं मनासारखं होतं आणि म्हणून बाकीचं त्यानं मोजलं नाही, फक्त पाहिलं.

जांबाची साल उन्हाळ्यात पापुद्रे टाकते. ह्या झाडाचे पापुद्रे सुटत नव्हते. खोडावर अंगठा घासला की साल वळायची, करड्या बारीक वळ्या, शेवयांसारख्या. त्याला वास होता. स्वतःच्या उशीचा असतो तो. तारेखालची जागा घामेजलेली असायची. बुंध्याजवळ मुळं पसरली होती तिथं भेगा पडल्या होत्या, काळ्या आणि खोल, आणि त्या भेगा त्याच्या ओळखीच्या होत्या. त्यानं मोजा काढून स्वतःची टाच पाहिली. ती गुळगुळीत होती.

"तुमची कॉलर काळी होऊन नाही राहिली आजकाल," वर्षाली म्हणाली. "सात दिवस घातलेला शर्ट आहे हा. मला धुवायची लाज वाटते, काही निघतच नाही."

"बाबा, तुम्हाले मच्छर काहून चावत नाहीत?" खुशीनं विचारलं. तिच्या अंगावर रोज नवे फोड असायचे.

गल्लीतलं कुत्रं सहा वर्षं त्याच्या गाडीमागं भुंकत धावायचं. आता ते त्याच्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचं. ह्याचं मात्र मनोजला जरा वाईट वाटलं.

एका संध्याकाळी त्यानं टब उभा करून भिंतीला लावला. "माय, झालं आता. झाड सुधारलं. उद्यापासून नळाचं देऊ."

"देजो," गंगूबाई म्हणाली.

सकाळी खुंटीवरच्या पिशवीत एक साडी होती. घरात नेसायची, सगळ्यात जुनी. मैनाबाईला फोन लावून माय विचारत होती, अंगणातल्या पायरीची निखळलेली चीप बसवली का.

मनोजनं टब आडवा केला आणि त्यात बसला.

मग फूल आलं. एकच. जांबाला फुलापासून फळापर्यंत चार-साडेचार महिने लागतात, हे मनोजनं गिऱ्हाइकांना हजार वेळा सांगितलं होतं. ह्याला एकोणीस दिवस लागले. फळ लिंबापेक्षा थोडं मोठं, पिवळट. सालीवर बारीक छिद्रं होती, नाकाच्या शेंड्यावर असतात तशी. देठाच्या अंगाला सालीत गोल गोल रेषा होत्या आणि त्या रेषांना आडवा छेद देणारी एक शिवण. मनोजच्या उजव्या अंगठ्यावर कलमाच्या चाकूचा जुना वण होता. त्यानं अंगठा वर करून पाहिला. वण नव्हता. रेषाही नव्हत्या. अंगठा बाळाच्या गालासारखा होता.

गंगूबाईनं ते फळ चाचपडत तोडलं, नाकाशी धरलं आणि तिच्या तोंडावर असं हसू आलं की मनोजनं ते बापाच्या आजारपणानंतर पाहिलं नव्हतं.

"बराबर तू हाय," ती म्हणाली, आणि फळ त्याच्या डब्यात ठेवलं. "दुपारी खाजो. दुसऱ्या कोनाले देजो नको."

रोपवाटिकेच्या दारात हजेरीचं यंत्र होतं. अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागायचा आणि नाव दिसायचं. मनोजनं अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. पुसून ठेवला. पुन्हा प्रयत्न करा. दुसरं बोट, डावा हात, थुंकी लावून. मागं रांग लागली.

"मनोजभाऊ, अंगठा घरी विसरला का?" रांगेतून बंडू म्हणाला. "डब्यात पाहा."

सगळे हसले. मनोजही हसला. गंमत म्हणून त्यानं डबा उघडला, जांब काढलं, आणि शिवणीची बाजू काचेवर टेकवली.

हिरवा दिवा लागला. मनोज गोवर्धन भोपळे. आठ वाजून चार मिनिटं.

लोक आणखी हसले. यंत्र बिघडलं म्हणून राखणदारानं त्याला वरून एक चापट मारली.

"असं हुशार जांब मी पाह्यलं नाई बाप्पा," बंडू म्हणाला, आणि मनोजच्या हातातून ते घेऊन त्यानं चावा घेतला.

मनोजनं तोंड उघडलं होतं. त्यानं हात पुढं केला तोवर अर्धं जांब संपलं होतं.

बंडूनं सालीसकट खाल्लं. "गोड हाय. जरासं खारं लागते, पन गोड." रस त्याच्या हनुवटीवरून ओघळला, तो त्यानं मनगटानं पुसून चाटला. मग दाढेत काहीतरी अडकलं म्हणून बोट घालून काढलं. पांढरं, पातळ, अर्धचंद्रासारखं.

"बी हाय का काय हे?"

"बी असन," मनोज म्हणाला.

बंडूनं ते पुन्हा तोंडात टाकलं आणि चावून गिळलं. मनोज टाकीमागं जाऊन ओकला. ओकारीलाही वास नव्हता.

संध्याकाळी सुटताना बंडूनं यंत्रावर अंगठा ठेवला.

मनोज गोवर्धन भोपळे, यंत्र म्हणालं. सहा वाजून दोन मिनिटं.

"पागल झालं बे हे," बंडू म्हणाला.

मनोजनं त्याच्यानंतर अंगठा ठेवला. पुन्हा प्रयत्न करा.

मनोजची गाडी सुरू होईना, म्हणून बंडूनं त्याला टेम्पोनं घरी सोडलं आणि पाणी प्यायला वर आला. गल्लीतलं कुत्रं टेम्पोमागं भुंकत जिन्यापर्यंत धावलं. बंडू म्हणाला, "हे आज काहून मागं लागलं?"

दार गंगूबाईनं उघडलं. ती पुढं वाकली आणि बंडूच्या मानेजवळ वास घेतला.

"आला का रे? उशीर केला."

"मावशी, मी बंडू हावो," बंडू हसत म्हणाला.

"हो बाप्पा, तू बंडू." तिनं त्याचा हात धरला, त्याच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं आणि आडव्या वणाशी थांबली. "चाल, हातपाय धू."

बंडू आपल्या अंगठ्याकडं बघत आत गेला.

मनोज उंबऱ्यावर उभा होता. "माय," तो म्हणाला.

गंगूबाई त्याच्याकडं वळली. तिनं हवेत नाक वर केलं. तिथं कोणी नसल्यासारखा तिचा चेहरा थोडा वेळ तसाच राहिला. आत खुंटीवरची पिशवी दिसत होती, घडी घातलेली, रिकामी.

"आवाज त आमच्या मनोजसारखाच हाय तुमचा," ती म्हणाली, आणि परक्या माणसापुढं घेतात तसा पदर डोक्यावरून ओढून घेतला. "कोनाइकडचे तुमी? बसा न. पानी आनतो."

ती भिंतीला हात लावत आत गेली. बाथरूममध्ये टब ओढल्याचा आवाज आला, मग त्यात पाणी पडल्याचा.

"मनोज," तिनं बंडूला हाक मारली, "पानी काढलं रे तुह्यं. साबन लावजो नको."